सोळाची जोडी मोडली तेव्हा

२० मे १८७५ रोजी पॅरिसमध्ये १७ देशांनी मीटर-करारावर सह्या केल्या. २०२५ मध्ये त्या घटनेला दीडशे वर्षे पूर्ण झाली. हा दिवस जगभर मापनशास्त्र दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशीच्या विज्ञानवार्तांत प्रयोगशाळांचा, अणुघड्याळांचा आणि अतिसूक्ष्म तराजूंचा बोलबाला असतो. ज्या ठिकाणी मापाची रोज परीक्षा होते त्या किराणा दुकानाचा आणि भाजीबाजाराचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. भारतात किलोग्रॅम आला तो खरा तिथेच, आणि सहजासहजी आला नाही.

छत्तीसगडमधील भिलाई शहराचा कोहका हा भाग सुपेल्याच्या बाजाराला लागून आहे. एकेकाळचे हे खेडे पोलाद कारखान्याच्या शहराने पोटात घेतले. तिथल्या भाजीवाल्याकडे आज 'पाव भर' मिरची मागितली, तर विजेच्या काट्यावर ०.२५० हा आकडा उमटतो. गिऱ्हाईक छत्तीसगढी बोलणारे असो, हिंदी बोलणारे असो वा विदर्भातून येऊन स्थायिक झालेले मराठी कुटुंब असो, पाव म्हणजे अडीचशे ग्रॅम याविषयी कोणाच्याही मनात शंका नसते. परंतु पाव म्हणजे मुळात शेराचा चौथा भाग, अर्थात २० तोळे. वजन २३३ ग्रॅम आणि वर थोडे. शब्द जुनाच राहिला आणि त्याच्या आतले वजन सुमारे १७ ग्रॅमनी वाढले. हा बदल घडला १९५७ ते १९६२ या पाच वर्षांत, आणि त्या पाच वर्षांत बाजारात गेलेल्या माणसाला जी डोकेदुखी सोसावी लागली, तिचे कारण सहसा चुकीचे सांगितले जाते. दशमान पद्धत अवघड होती म्हणून लोक वैतागले, असे म्हटले जाते. हिशेब मांडून पाहिला की वेगळेच दिसते.

आधी जुनी व्यवस्था समजून घ्यावी लागते. इंग्रजी अमदानीत १८३३ च्या नियमाने तोळ्याचे वजन १८० ग्रेन ठरले आणि १८३५ पासून कंपनी सरकारचा चांदीचा रुपयाही नेमका तेवढ्याच वजनाचा पडू लागला. म्हणजे खिशातला रुपया हेच एक तोळ्याचे वजन. ५ तोळ्यांचा छटाक, १६ छटाकांचा शेर, ४० शेरांचा मण. आजच्या भाषेत तोळा ११.६६ ग्रॅम, शेर ९३३ ग्रॅम आणि मण ३७.३२ किलो. दुसऱ्या बाजूला नाण्यांची उतरंड अशीच होती: ४ पैशांचा आणा, १६ आण्यांचा रुपया.

शेरात सोळा छटाक आणि रुपयात सोळा आणे, ही जोडी जमलेली होती. शेराला जितके रुपये, छटाकाला तितके आणे. शेराला जितके आणे, पावशेराला तितके पैसे. मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे, कारण चाळीस शेरांत अडीच शेर बरोबर सोळा वेळा जातात. घाऊक भाव ऐकून किरकोळ भाव काढायला कागद लागत नसे. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा दुकानदाराला चूक दाखवू शके, आणि दाखवतही असे. मराठी शाळांतून मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेतली जाई, ती या बाजारासाठीच. साडेतीनचा पाढा असलेली औटकी आज कोणाला ऐकूनही माहीत नसेल. पण त्या काळी साडेतीन शेर तेलाचा हिशेब तोंडी करणाऱ्याला तिच्यावाचून गत्यंतर नव्हते. तराजूचेही गणित अर्ध्या-पावाचेच असते. दोन पारड्यांत माल सारखा वाटला की निम्मा, पुन्हा वाटला की पाव. दोनाने भागत जाणे हाताला सोपे, दहाने भागणे हाताला जमत नाही.

तरीही या व्यवस्थेवर फार जीव टाकण्याचे कारण नाही. ८० तोळ्यांचा शेर कायद्यात होता, गावोगावच्या पारड्यात तोच असेल याची हमी नव्हती. मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर चालणारा बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने स्वातंत्र्यानंतर सुमारे ११०० खेड्यांतील वजन-मापे तपासली, तेव्हा वजनाच्या १४३ निरनिराळ्या पद्धती आढळल्या. मण या एकाच नावाखाली २८० तोळ्यांपासून ८३२० तोळ्यांपर्यंत काहीही चालत होते. प्रमाण मण होता ३२०० तोळ्यांचा.

धान्य तर बहुधा तोललेच जात नसे, मापले जाई. महाराष्ट्रात दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. छत्तीसगडमध्ये लाकडी काठा, वीस काठ्यांची खांडी आणि वीस खांड्यांचा गाडा. खळ्यावर मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, ही दोन्हीकडची रीत. मराठी शेतकरी 'लाभ' म्हणतो, छत्तीसगढी शेतकरी 'राम' म्हणतो. रीत सुंदर आहे, पण माप फसवे होते. पायली आकारमान मोजते, वजन नव्हे. ओलसर धान, सुके धान, बारीक तांदूळ, जाडा तांदूळ, सगळ्यांची पायली वेगळ्या वजनाची भरते. वर शीग लावायची की माप काठावरून सपाट करायचे, हे ज्याच्या हातात माप असेल तो ठरवी. सावकाराच्या घरी घेण्याचे माप निराळे आणि देण्याचे निराळे असल्याची तक्रार देशाच्या कोणत्याही भागात ऐकू येई. हिशेब तोंडी करता येतो म्हणून माप खरे असतेच असे नाही. गिऱ्हाइकाला भागाकार येत होता, मूळ शेर किती तोळ्यांचा आहे हे मात्र त्याला ठाऊक नसे.

एकच माप देशभर असावे ही कल्पना स्वतंत्र भारताची नव्हे. कर्नल रिचर्ड स्ट्रॅची यांच्या प्रयत्नांतून आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या पाठिंब्याने १८७१ मध्ये एक कायदा झाला. त्यात 'सेर' या एककाची व्याख्या फ्रेंच किलोग्रॅमइतके वजन अशी केलेली होती. नाव देशी ठेवून आत किलो भरण्याची ही युक्ती आजही चतुर वाटते. पुढच्याच वर्षी, ८ फेब्रुवारी १८७२ रोजी, अंदमानात मेयो यांचा खून झाला आणि तो कायदा कधीच अमलात आला नाही. १९१३-१४ मध्ये सिल्बेराड समितीने १८० ग्रेनच्या तोळ्यावर बेतलेली पद्धतच उचलून धरली. १९३९ च्या कायद्याने त्याच तोळ्यावर आधारलेला शेर आणि मण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी प्रमाण ठरवला; त्याची अंमलबजावणी १९४२ मध्ये सुरू झाली. म्हणजे जुन्या शेराला देशव्यापी कायद्याचे पाठबळ मिळाले तेव्हा त्याच्या आयुष्याची जेमतेम वीस वर्षे उरली होती.

आता मूळ मुद्दा. स्वतंत्र भारताने नाणी आणि वजने एकाच दिवशी बदलली नाहीत. १९५५ च्या नाणेविषयक दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. वजन-मापांचा कायदा २८ डिसेंबर १९५६ रोजी संमत झाला, पण किलोग्रॅम बाजारात उतरू लागला १ ऑक्टोबर १९५८ पासून. तोही निवडक प्रदेशांत आणि निवडक उद्योगांत, जुन्या वजनांना काही काळ मुभा ठेवून. सगळ्या देशात व्यापारासाठी फक्त मेट्रिक वजने चालतील, असे व्हायला १ एप्रिल १९६२ उजाडला. हा संयम शहाणपणाचा होता यात वाद नाही. भारतीय मानक संस्थेचे संचालक लालचंद वर्मन आणि जैनारायण कौल यांनी १९७० मध्ये या स्थित्यंतराचा जो इतिहास संपादित केला, त्यावरून या कामाचा पसारा ध्यानात येतो. कोट्यवधी वजने ओतायची, तपासायची, त्यांवर मुद्रा उमटवायची. हे एका रात्रीत होणारे नव्हतेच. पण या टप्प्याटप्प्याचा एक परिणाम झाला, ज्याची किंमत गिऱ्हाइकाने मोजली. दीड ते पाच वर्षे, प्रदेशाप्रमाणे कमी-अधिक, माणसाच्या खिशात शंभर भागांचा रुपया होता आणि दुकानदाराच्या पारड्यात सोळा भागांचा शेर. सोळाची जोडी एका बाजूने मोडली होती आणि शंभराची जोडी अजून जुळायची होती.

शेर एक रुपयाला असेल तर छटाक पूर्वी एक आण्याला मिळे. आता एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, आणि पाव पैशाचे नाणे अस्तित्वात नाही. कायद्याने कोष्टक ठरवून दिले होते: एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५. सुटे सोळा आणे एकेक करून मोडले तर हातात ९६ नये पैसे येत. रुपयातले चार पैसे वाटेतच हरवत. उलट बाजूने पाहिले तर जुना एक पैसा हा १.५६ नये पैशांचा, आणि कोष्टकात तो २ नये पैसे धरलेला. मीठ शेराला चार आणे असेल, तर छटाकाला जुना एक पैसा पडे. नव्या नाण्यांत त्याचे दोन नये पैसे द्यायचे, म्हणजे सव्वापटीहूनही अधिक. मणभर मीठ नेणाऱ्या व्यापाऱ्याला या गोलाईचा काही त्रास नव्हता. त्याचे रुपये बरोबर जुळत. जो रोजच्या मजुरीतून रोजचे छटाकभर मीठ, छटाकभर तेल नेई, त्याच्यावर ती पडत होती, आणि तीही रोज.

मग किलो आला. किलो शेरापेक्षा सात टक्क्यांनी मोठा. समजा तांदूळ शेराला आठ आणे, म्हणजे ५० नये पैसे आहे. त्याच भावाने किलोचे ५३.६ नये पैसे होतात. दुकानदार ५४ म्हणाला तर तो प्रामाणिक. पण अडीचशे ग्रॅमचे होतात १३.४. तेरा घेतले तर दुकानदाराचा तोटा, चौदा घेतले तर किलोला ५६ पडतात. किलोचा भाव प्रामाणिक आणि पावाचा भाव चढा, असे एकाच दुकानात, एकाच पोत्यातल्या तांदळाबाबत, कोणाचीही लबाडी नसताना होऊ शकत होते. लबाडी असेल तर विचारायलाच नको: शेराचा भाव वाढवून किलोचा सांगायचा आणि वाढ किती हे गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे तपासायचे, तेही अडीचकी-औटकी निरुपयोगी झालेली असताना.

सर्वांत विलक्षण गोष्ट छोट्या वजनांत लपलेली आहे. पावाच्या जागी अडीचशे ग्रॅम आले, तेव्हा पाव सात टक्क्यांनी वाढला. छटाकाच्या जागी मात्र पन्नास ग्रॅमचे वजन आले. छटाक होता ५८.३ ग्रॅमचा. म्हणजे 'एक छटाक द्या' म्हणणाऱ्याला पन्नास ग्रॅम तोलून दिले, तर त्याला चौदा टक्के माल कमी मिळे. मोठा घेणाऱ्याचा शब्द फुगला, लहान घेणाऱ्याचा शब्द आक्रसला. पाव हा शब्द टिकला आणि छटाक बाजारातून जवळपास नाहीसा झाला, यामागे हेही एक कारण असावे. ज्या शब्दाने माल कमी येतो तो शब्द लोक फार काळ वापरत नाहीत.

हे सारे घडत असताना भिलाईत काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. दुर्ग जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा संबंध राज्यपुनर्रचनेने तुटला आणि कचेरीचे कागद भोपाळकडे जाऊ लागले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईत पोलाद कारखान्याचे काम निघाले होते आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. म्हणजे कोहका, सुपेला आणि भोवतालच्या खेड्यांत राहणाऱ्या माणसाची राजधानी, नाणे, वजन आणि शेताची जागा हे चारही तीन-चार वर्षांच्या आत बदलले.

सोव्हिएत रशियाने १९१८ मध्येच मेट्रिक पद्धत पत्करलेली असल्यामुळे भिलाईचे नकाशे आणि यंत्रे मिलिमीटरांत आणि मेट्रिक टनांत होती. त्याच सुमारास दुर्गापूरचा कारखाना ब्रिटिश कंपन्या उभारत होत्या आणि ब्रिटन तेव्हा फूट-पौंडांतच होता. भिलाईच्या कामगाराला मेट्रिक पद्धत सरकारी पत्रकातून शिकावी लागली नाही. ती त्याच्या हाताखालच्या यंत्रावर कोरलेली होती. दल्ली-राजहऱ्याहून येणारे खनिज टनांत, भट्टीतून निघणारे लोखंड टनांत, आणि संध्याकाळी बाजारात गेले की डाळ शेर-छटाकांत, तेही शंभर भागांच्या रुपयाने. पुढे भिलाईने देशाला रूळ पुरवले ते किलोग्रॅम-प्रतिमीटर या हिशेबाने. ते अंथरले गेले साडेपाच फुटांच्या अंतरावर, ज्याला आता १६७६ मिलिमीटर म्हणतात. आकडा बदलला, रूळ जागचे हलले नाहीत. रेल्वेला हे परवडते. मिठाच्या छटाकाला परवडत नाही.

१९६२ नंतर मात्र गोष्टी आश्चर्यकारक वेगाने निवळल्या. याचे श्रेय सरकारी कोष्टकांना द्यावे तितके थोडे, पण मुख्य कारण साधे होते. दुसरी बाजूही शंभराची झाली आणि नवी जोडी जमली. किलोला जितके रुपये, दहा ग्रॅमला तितके पैसे. शंभर ग्रॅमचा भाव किलोच्या भावाचा दहावा हिस्सा. हे सूत्र जुन्या सूत्राइतकेच तोंडपाठ होणारे होते. १ जून १९६४ पासून 'नया पैसा' यातले 'नया' गळाले आणि पैसा पुन्हा नुसता पैसा झाला. लोकांनी नवी पद्धत स्वीकारताना एक दुरुस्तीही केली, जी कोणत्याही कायद्यात नव्हती. हजाराचे दहा भाग न करता त्यांनी चार केले, मग आठ केले. पाव, अर्धा किलो, तीन पाव, आणि सव्वाशे ग्रॅमचा आधा पाव. दहाच्या पद्धतीत दोनाचा भागाकार परत आणला.

फ्रान्समध्ये, जिथे ही पद्धत जन्मली, तिथे असेच घडले होते, पण फर्मान काढून. १७९५ मध्ये आलेल्या दशमान मापांचा लोकांना इतका कंटाळा आला की १८१२ मध्ये नेपोलियनच्या राजवटीने 'नेहमीची मापे' म्हणून जुनी नावे परत दिली आणि 'लिव्र' म्हणजे अर्धा किलो असे ठरवून टाकले. ती सवलत १८४० पासून मागे घेतली गेली, तरी फ्रेंच बाजारात अर्ध्या किलोला लिव्र म्हणणे आजही थांबलेले नाही. भारतात असे फर्मान निघाले नाही. पाव अडीचशे ग्रॅमचा कोणी केला याचे उत्तर एवढेच की बाजाराने केला.

जिथे बाजाराला अशी तडजोड करणे सोयीचे नव्हते तिथे जुनी मापे जशीच्या तशी राहिली, किंवा नावापुरती उरली. सराफाचा तोळा आता बहुतेक ठिकाणी दहा ग्रॅमचा मानतात. बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा खरा तोळा त्याहून दीड ग्रॅमहून थोड्या अधिक वजनाने जड होता. आजीच्या काळच्या यादीतले दहा तोळे आणि आजच्या पावतीवरचे दहा तोळे यांत १६ ग्रॅमहून अधिक सोन्याचा फरक पडतो, आणि घरच्या वाटण्यांत तो कधी कधी बराच महागात पडतो. कापड मीटरवर विकले जाते, पण नेसणारी नऊवारीच नेसते, आणि शिंप्याच्या फितीची इंचाची बाजू अधिक झिजलेली असते. रुईचा घाऊक भाव आजही खंडीला सांगतात, आणि ती खंडी मुंबईच्या जुन्या बाजाराची ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोची. भंडारा-गोंदियाकडे धानही खंडीतच बोलले जाते. ती खंडी निराळी. कोहक्यात घराची जागा चौरस फुटांत विकतात आणि शेत डिसमिलात. छत्तीसगड सरकार शेतकऱ्याकडून धान घेते ते एकरी २१ क्विंटल या मर्यादेने: एकाच वाक्यात इंग्रजांचा एकर आणि फ्रेंचांचा क्विंटल. कोणाचे काही अडत नाही, कारण दोन्ही बाजूंना दोन्ही आकडे माहीत असतात. जमीन किंवा सोने माणूस आयुष्यात मोजक्या वेळा घेतो. तेल-मीठ रोज घेतो.

ब्रिटनने हा प्रश्न उशिरा हाती घेतला आणि अधिक चिघळवला. सन २००० मध्ये संडरलँडच्या स्टीव्हन थोबर्न या फळविक्रेत्याचा पौंडांत केळी तोलणारा काटा जप्त झाला, पुढच्या वर्षी तो दोषी ठरला आणि 'मेट्रिक हुतात्मा' म्हणून गाजला. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने जुन्या मापांना पुन्हा मोकळीक द्यावी का, असे जनतेला विचारले. उत्तरे देणाऱ्यांपैकी ९८.७ टक्के लोकांनी खरेदी-विक्रीसाठी मेट्रिकच्याच बाजूने कौल दिला. भारतात काटा जप्त झाला म्हणून कोणी हुतात्मा झाल्याचे ऐकिवात नाही. इथे वाद मापाच्या नावावरून झाला नाही, पैशाच्या गोलाईवरून झाला.

किलोग्रॅम त्यानंतर आणखी एकदा बदलला. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत प्लॅटिनम-इरिडियमचा जो ५७ क्रमांकाचा ठोकळा जपून ठेवलेला आहे, तो फ्रान्समधील मूळ ठोकळ्याची प्रत. देशातल्या सर्व वजनांचे मूळ तो. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय येथे जगातील देशांनी मत दिले आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून उठून प्लँकच्या स्थिरांकावर गेली. विज्ञानाच्या दृष्टीने ही शतकातली मोठी बातमी होती. कोहक्याच्या बाजारात त्या दिवशी टोमॅटोचा पाव जितका होता तितकाच राहिला. षटकोनी लोखंडी वजनाच्या पोटातल्या शिशाच्या बुचावर नापतौल निरीक्षक दर दोन वर्षांनी जी मुद्रा उमटवतो, तीही तशीच उमटत राहिली. व्याख्या बदलताना वजन बदलू नये याची शास्त्रज्ञांनी इतकी काळजी घेतली होती की फरक शोधायला प्रयोगशाळाच हवी.

बाजारातला वैताग मात्र संपलेला नाही. त्याने जागा बदलली आहे. आज सुटे तेल किलोवर मिळते आणि पिशवीतले लिटरवर. दोन्ही मेट्रिक, दोन्ही कायदेशीर, आणि दोन्हींत नऊ टक्क्यांच्या आसपास अंतर. किलो आणि शेर यांच्यातल्या अंतराहूनही थोडे अधिक. खाद्यतेलाचा एक लिटर साधारण ९१० ग्रॅमचा. त्यातही तेल तापले की प्रसरण पावते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम भरते आणि ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. काही उत्पादक पिशवीवर लिटरचा आकडा वरच्या तापमानाला मोजून छापत, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने तापमानाचा उल्लेख काढून लिटरबरोबर वजनही नीट छापण्याची सूचना केली. पायलीने मापलेले ओले धान आणि साठ अंशांवर मोजलेले तेल यांत तत्त्वतः भेद नाही; दोन्हीकडे आकारमान मोजले जाते आणि फरक मापणाऱ्याच्या पदरात पडतो.

त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, वेष्टनबंद मालाच्या नियमांत दुरुस्ती जाहीर झाली. चहा, बिस्किटे, तेल यांच्या पुड्या ठरावीक वजनांच्याच असाव्यात, ही जुनी सक्ती तिने काढून टाकली आणि तिच्या बदल्यात दर ग्रॅमला किंवा दर किलोला, दर मिलिलिटरला किंवा दर लिटरला किती रुपये पडतात, तो भाव छापणे बंधनकारक केले. तो आकडा बहुधा बारीक टाइपात, पुडीच्या मागच्या बाजूला असतो. लिटरला १४० रुपयांची पिशवी आणि किलोला १५० रुपयांचे सुटे तेल समोरासमोर ठेवले, तर पिशवी स्वस्त वाटते. ९१० ग्रॅमने भागून पाहिले की ती किलोला जवळजवळ १५४ पडते. हा भागाकार तोंडी करण्यासाठी अद्याप कोणतीही पावकी किंवा निमकी बनलेली नाही.